नॅट लव्ह : गुलामाचा मुलगा ते काऊबॉय



स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा असली की एकतरी काऊबॉय असतोच. मोठी टोपी, गळ्यात रुमाल, कमरेला प्लास्टिकचं पिस्तूल. काऊबॉय काय काम करतो असं मुलांना विचारून बघा. गोळ्या झाडतो, असंच उत्तर येतं. मग मी फळ्यावर त्या शब्दाची फोड करून देते. काऊ म्हणजे गाय, बॉय म्हणजे पोरगा. म्हणजे गाई राखणारा पोरगा, आपल्याकडचा गुराखी! मुलं हसतात, पण अर्थ तोच आहे. आपला गुराखी वीस-पंचवीस गुरं घेऊन सकाळी रानात जातो आणि दिवेलागणीला परत येतो. अमेरिकेतला गुराखी दोन-तीन हजार गुरं घेऊन निघायचा आणि दोन-तीन महिन्यांनी, शेकडो मैलांवर, रेल्वेच्या स्टेशनाला पोहोचायचा. फरक एवढाच, पण फार मोठा.

दुसरी गोष्ट मुलांना सहसा कोणी सांगत नाही. सिनेमातला काऊबॉय गोरा असतो. प्रत्यक्षात त्या काळच्या दर चार गुराख्यांमागे एक कृष्णवर्णीय असावा, असा बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज आहे. शिवाय मेक्सिकन गुराखीही पुष्कळ होते. मुळात ही विद्या त्यांचीच. रँच, लॅसो, रोडिओ हे सगळे शब्द स्पॅनिश भाषेतून आलेले आहेत. या हजारो काळ्या गुराख्यांपैकी बहुतेकांची आज नावंही उरलेली नाहीत. एकाचं नाव मात्र चांगलं ठळक उरलं, कारण त्याला लिहिता येत होतं आणि त्याने आपलं आयुष्य स्वतः लिहून ठेवलं. त्याचं नाव नॅट लव्ह.

जन्मतारीख नसलेला मुलगा

नॅटचा जन्म जून १८५४ मध्ये झाला. ठिकाण टेनेसी राज्यातलं डेव्हिडसन परगणा. रॉबर्ट लव्ह नावाच्या मालकाचा मोठा मळा होता, त्या मळ्यावरच्या ओंडक्यांच्या झोपडीत नॅट जन्मला. महिना सांगता येतो, तारीख सांगता येत नाही. गुलामांच्या बाळांच्या जन्माची नोंद ठेवायची कोणाला गरज वाटत नसे. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये एक जन्मतारीख चुकली तर आपली केवढी धावपळ होते! इथे तर लाखो मुलांची तारीखच नव्हती. आडनावही स्वतःचं नव्हतं. लव्ह हे मालकाचं आडनाव, तेच गुलामांनाही लागलं.

वडील सॅम्पसन हे मळ्यावरच्या गुलामांचे मुकादम होते. आई मालकाच्या वाड्यात स्वयंपाकघर सांभाळायची. थोरली बहीण सॅली, मग भाऊ जॉर्डन, आणि नॅट शेंडेफळ. मोठी माणसं कामाला गेली की पोरं दिवसभर आपापली वाढायची.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली. लव्ह कुटुंब स्वतंत्र झालं, पण हातात काय होतं? जमीन नाही, बैल नाही, भांडंकुंडं नाही. सॅम्पसनने त्याच जुन्या मालकाकडून वीस एकर जमीन खंडाने घेतली आणि मका, तंबाखू लावली. थंडीत शेतात काम नसायचं, तेव्हा घरातले सगळे मिळून झाडू आणि चटया करायचे आणि विकायचे.

या घरातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट रात्रीची आहे. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. सॅम्पसनला थोडीफार अक्षरओळख होती. जवळपास यांच्या मुलांसाठी शाळा नव्हती. मग दिवसभर शेतात राबून आल्यावर बापाने स्वतःच मुलांना अक्षरं शिकवली. जेवढं येत होतं तेवढंच शिकवलं. नॅटचं शिक्षण म्हणायचं तर एवढंच. पुढे याच शिदोरीवर त्याने आख्खं पुस्तक लिहिलं.

आपल्या मातीशी याचा एक धागा जुळतो, तो सांगून पुढे जाते. महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ मध्ये आलं. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना जोतिरावांनी ते अर्पण केलं आहे. सातासमुद्रापलीकडे मुक्त झालेली ती माणसं म्हणजे सॅम्पसन आणि नॅटसारखीच. पुस्तक निघालं तेव्हा नॅट एकोणीस वर्षांचा होता आणि ॲरिझोनात गुरांमागे घोडा दामटत होता.

पण त्याआधी घरावर संकट आलं. मुक्तीनंतरचं दुसरं पीक शेतात उभं होतं आणि सॅम्पसन गेला. घराचा भार मुलांवर पडला. नॅट आसपासच्या शेतांवर मजुरीला जाऊ लागला.

दहा सेंटला एक घोडा

जवळच एका घोडेवाल्याकडे न शिकवलेली शिंगरं होती. पाठीवर माणूस बसू न देणारी. त्यांना वठणीवर आणायचं काम नॅटला मिळालं. दर शिंगरामागे दहा सेंट. रविवारी नॅट जायचा, लगाम नाही, खोगीर नाही, नुसती आयाळ धरून उघड्या पाठीवर बसायचा. पडायचा, उठायचा, परत बसायचा. एक दांडगा काळा घोडा होता, त्यासाठी मात्र त्याने आधी जास्त पैसे ठरवून, ते खिशात घालूनच पाय उचलला. घोडा कुंपणं ओलांडत, शेजारपाजारची कुत्री मागे लावून घेत सुसाट सुटला. शेवटी दमून थांबला तेव्हा नॅट पाठीवरच होता, पण खिशातले पैसे वाटेत कुठेतरी पडून गेले होते. हा प्रसंग मी वर्गात सांगते तेव्हा मुलांना घोड्यापेक्षा पैशांचंच जास्त वाईट वाटतं!

मग नशिबाने हात दिला. एका माणसाने आपल्या घोड्याची सोडत काढली. नॅटने तिकीट घेतलं आणि घोडा त्यालाच लागला. मालकाने पन्नास डॉलर देऊन तो परत घेतला, पुन्हा सोडत काढली आणि पुन्हा नॅटचाच नंबर! पुन्हा पन्नास डॉलर. त्या काळी शेतमजुराच्या पोराला शंभर डॉलर म्हणजे डोळे पांढरे करणारी रक्कम. नॅटने अर्धे पैसे आईला दिले, उरलेल्यातून प्रवासाची तयारी केली आणि १० फेब्रुवारी १८६९ रोजी घर सोडलं. तेव्हा त्याला पंधरावं लागलेलं होतं. म्हणजे आपल्याकडे नववीत बसणारं पोर.

पश्चिमेकडे चालत, वाटेत कोणाच्या गाडीतून, असं करत तो कॅन्ससला पोहोचला. तिथे टेक्सासहून गुरं घेऊन आलेली एक टोळी परतीच्या तयारीत होती. टोळीत काही कृष्णवर्णीय गुराखीही होते. नॅटने त्यांच्या म्होरक्याकडे काम मागितलं. तुला उधळा घोडा बसता येतो का, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता एका गुराख्याला त्यातल्या त्यात वाईट घोडा आणायला सांगितला. घोड्याचं नाव होतं गुड आय. ब्रॉन्को जिम नावाचा काळा गुराखी तो घोडा घेऊन आला आणि त्याने हळूच या पोराला त्याच्या खोडी सांगून ठेवल्या. त्या दिवशी घोड्याने नॅटची हाडं खिळखिळी केली, पण तो खाली पडला नाही. महिना तीस डॉलर पगारावर नोकरी पक्की. नॅट लव्ह हे नाव म्होरक्याला फार पसंत पडलं नाही, म्हणून तिथेच नवं नावही मिळालं, रेड रिव्हर डिक.

पगाराच्या आकड्यावर जरा थांबा. ज्याचा बाप फुकट राबला, ज्याची आई फुकट राबली, त्या मुलाला घोड्यावर बसता येतं एवढ्यासाठी महिन्याला ठरलेला रोख पगार मिळू लागला. युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली होती.

गुराख्याचं खरं काम

एवढी गुरं इतक्या लांब का न्यायची, हा प्रश्न मुलं विचारतातच. युद्धाच्या काळात टेक्सासमधले पुरुष लढायला गेले आणि लांब शिंगांची तिथली गुरं मोकळ्या रानात वाढत राहिली. युद्धानंतर टेक्सासमध्ये गुरंच गुरं आणि गिऱ्हाईक नाही. चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेच्या शहरांत चाळीस डॉलरला जायचा. टेक्सासच्या त्या भागात रेल्वे नव्हती, कॅन्ससपर्यंत आली होती. १८६७ पासून कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावी गुरं आगगाडीत चढवायची सोय झाली. मग गुरांनाच चालवत रेल्वेपर्यंत न्यायचं, असा हा धंदा सुरू झाला.

दोन-अडीच हजार गुरांमागे दहा-बारा माणसं. दिवसाला दहा ते पंधरा मैल चाल. यापेक्षा जास्त पळवलं तर गुरं वाळतात आणि वजन घटलं की भाव पडतो. म्हणजे सिनेमात दाखवतात तशी घोडदौड रोज नसे, उलट गुरांना चरत चरत पुढे सरकवायचं असे. कळपाच्या तोंडाशी दोन अनुभवी गडी, दोन्ही अंगांना काही जण आणि सगळ्यात मागे नवशिके. मागे राहिलेली, लंगडणारी गुरं हाकायची आणि हजारो खुरांनी उडालेला फुफाटा दिवसभर गिळायचा. गळ्यातला तो रुमाल असतो ना, तो शोभेचा नाही. नाकातोंडावर बांधायला आहे. मोठी टोपी उन्हापावसासाठी, जाड कातडी पायघोळ काटेरी झुडपांसाठी, बुटाची उंच टाच रिकिबीत पाय अडकून आत सरकू नये म्हणून. वेशभूषेतल्या एकेका वस्तूचं काम सांगितलं की मुलांना ते फार पटतं. (प्लास्टिकच्या पिस्तुलाबद्दल इतकंच की गुरांच्या कळपाजवळ गोळी झाडणं हा शुद्ध वेडेपणा होता. का, ते लगेच कळेल.)

रात्री गुरं बसली की आळीपाळीने पहारा. दोघं-दोघं घोड्यावरून कळपाभोवती सावकाश फेऱ्या मारत आणि हळू आवाजात गात राहत. गाणं करमणुकीसाठी नव्हतं. अंधारात अचानक कुठला आवाज झाला तर गुरं बिथरतात. ओळखीचा एकसुरी आवाज कानावर पडत राहिला की ती शांत बसतात. आपल्याकडची माणसंही दूध काढताना गाईशी बोलतात, तसंच काहीसं. पण एखादी वीज कडाडली की सगळं संपलं. अडीच हजार गुरं एकाच वेळी उठून उधळायची. त्या काळोखात, पावसात, खालची जमीन न दिसता घोडा फेकायचा, कळपाच्या तोंडापर्यंत जायचं आणि पुढच्या गुरांना वळवत वळवत गोल फिरवायचं, म्हणजे ती आपोआप एकमेकांत अडकून थांबतात. घोडा बिळात पाय जाऊन पडला तर वरचा माणूस खुरांखाली जायचा. नदी ओलांडतानाही तेच. पुराच्या पाण्यात गुरांबरोबर गुराखीही वाहून जात.

जेवणाची गाडी बरोबर असायची, तिला चक वॅगन म्हणत. चार्ल्स गुडनाइट नावाच्या पशुपालकाने १८६६ च्या सुमारास लष्करी गाडीला मागच्या बाजूने कप्प्यांचं फडताळ बसवून ती तयार केली. घेवड्याच्या शेंगदाण्यांची उसळ म्हणा हवं तर, खारवलेलं मांस, पाव आणि काळी कॉफी. महिनोन् महिने तेच. शालेय पोषण आहारात निदान वाराप्रमाणे पदार्थ बदलतो.

या कामात माणसाची किंमत लगेच ठरायची. रात्री गुरं उधळली तेव्हा शेजारचा गडी घोड्यावर टिकतो की नाही, हे बघितलं जायचं. त्याची कातडी अंधारात दिसतही नसे. त्यामुळे रानात, कामापुरती, बरीच बरोबरी होती. एकच गाडी, एकच जेवण, आकाशाखाली शेजारी शेजारी अंथरूण. पण याचं फार गुणगान करू नये असं माझं मत. टोळीचा म्होरक्या व्हायची वेळ आली की काळा माणूस क्वचितच पुढे जायचा आणि गावात शिरलं की जुनी उतरंड परत सुरू व्हायची. नॅट स्वतः मात्र आपल्या पुस्तकात या भेदभावाबद्दल फारसं बोलत नाही. त्याला तो भेटला नसेल असं मानणं कठीण आहे. लिहायला नको वाटलं असेल, किंवा गोरे वाचक दुरावतील असं वाटलं असेल.

डागांचा जाणकार

टेक्सासमध्ये तीन वर्षं काढून १८७२ मध्ये नॅट ॲरिझोनात गिला नदीकाठच्या गॅलिंजर रँचवर गेला. मेक्सिकन गुराख्यांबरोबर काम करता करता स्पॅनिश बोलायला शिकला. आणि इथे त्याला मानाचं काम मिळालं, गुरांवरचे डाग ओळखायचं.

कुंपण नव्हतं. दहा मालकांची गुरं एकाच रानात चरायची. म्हणून प्रत्येक मालकाचं एक ठरलेलं चिन्ह लोखंडी सळईने तापवून गुराच्या अंगावर उमटवत. वसंतात सगळ्या रँचची माणसं एकत्र येऊन रान विंचरून गुरं गोळा करत आणि आईच्या अंगावर जो डाग, तोच वासराला देत. आईपासून चुकलेलं, बिनडागाचं वासरू म्हणजे भांडणाचं मूळ. जुने डाग, एकावर एक दिलेले डाग, चोराने चलाखीने फिरवलेले डाग हे सगळं लांबून, घोड्यावरून, धुळीत ओळखायचं. नॅट त्यात इतका तयार झाला की रँचचा मुख्य डागपारखी म्हणून आजूबाजूच्या टोळ्यांतही तो ओळखला जाऊ लागला. ज्याच्या स्वतःच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती, तो आता प्रत्येक वासराची नोंद बिनचूक लावत होता.

डेडवूडचा दिवस

१८७६ मध्ये तीन हजार बैलांचा कळप घेऊन नॅटची टोळी डाकोटातल्या डेडवूडला निघाली. तिथल्या काळ्या डोंगरांत सोनं सापडलं होतं. ही जमीन कराराने लकोटा या मूळ रहिवाशांची, पण सोन्यापुढे करार कोण वाचतो! खाणकामगारांची झुंबड उडाली होती आणि त्यांना मांस हवं होतं. ३ जुलैला टोळी पोहोचली. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं पूर्ण होत होती. गावातल्या जुगाऱ्यांनी आणि खाणवाल्यांनी मिळून दोनशे डॉलरचं बक्षीस लावलं.

स्पर्धा अशी : एक जंगली घोडा फास टाकून पकडायचा, पाडायचा, बांधायचा, लगाम-खोगीर चढवायचं आणि त्यावर स्वार व्हायचं. नॅटने हे नऊ मिनिटांत केलं. त्याच्या खालोखाल जो होता त्याला साडेबारा मिनिटं लागली. मग नेमबाजी झाली, त्यातही तोच पहिला. गावाने त्याला डेडवूड डिक अशी पदवी दिली. स्वातंत्र्याच्या शताब्दीला, बारा वर्षांपूर्वी गुलाम असलेला बावीस वर्षांचा तरुण सगळ्यांच्या पुढे.

किती छान गोष्ट आहे ना? आता खरी अडचण. ही सगळी माहिती फक्त नॅटच्याच पुस्तकातून आली आहे. त्या दिवशी असं काही झालं याचा दुसरा स्वतंत्र पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. शिवाय १८७७ पासून एडवर्ड व्हीलर या लेखकाच्या डेडवूड डिक नावाच्या नायकाच्या स्वस्त कादंबऱ्या धडाक्याने खपू लागल्या आणि नंतर तो डिक मीच, असं सांगणारे बरेच जण निघाले. नॅट त्यातला एक.

असे सांधे पुस्तकात आणखी आहेत. तो १८६९ मध्ये डॉज सिटीला पोहोचल्याचं लिहितो. डॉज सिटी हे गाव वसलंच १८७२ मध्ये. लष्कराचा तळ, फोर्ट डॉज, तेवढा आधीपासून होता. आपली पहिली टेक्सासची रँच पालो ड्युरोच्या काठी होती असं सांगतो, पण त्या दरीत पहिली रँच त्याच गुडनाइटने १८७६ मध्ये काढली, त्याआधी तो मुलूख कोमांची लोकांचा. मूळ रहिवाशांनी आपल्याला जखमी करून पकडलं, शौर्य बघून सोडलं नाही तर जमातीत घेतलं, सरदाराची मुलगी देऊ केली आणि एका रात्री घोडा पळवून बिनखोगीर बारा तासांत शंभर मैल दौडत आपण निसटलो, असंही तो सांगतो. अंगावर गोळ्यांच्या चौदा खुणा असल्याचं सांगतो. एकदा तर दारूच्या भरात त्याने लष्कराच्या तोफेवरच फास टाकला, घरी न्यायला! शिपायांनी धरलं आणि बॅट मास्टरसन या प्रसिद्ध अधिकाऱ्याने सोडवलं म्हणे.

मग हे मुलांना सांगायचं की नाही? एका सहकारी शिक्षिकेचं म्हणणं होतं की इतकी शंका असेल तर दुसरं चरित्र घ्यावं. मला तसं वाटत नाही. शेकोटीभोवती बसून एकमेकांपेक्षा मोठी थाप मारणं ही गुराख्यांची रीतच होती आणि नॅटचं पुस्तक त्या सुरात आहे. शिवाय, गोऱ्या काऊबॉयांच्या बढाया ज्यांनी सिनेमात डोळे झाकून घेतल्या, त्यांनी या एका काळ्या गुराख्याकडेच पावती मागावी हेही बरोबर नाही. मी चौथीच्या वर्गात दोन रकाने करते. एका बाजूला नक्की घडलेलं, दुसऱ्या बाजूला नॅटने सांगितलेलं. गुलामगिरीत जन्म, घोड्यांचं ज्ञान, गुरांची चाल, डागांचं काम, पुढची रेल्वेची नोकरी हे पहिल्या रकान्यात. तोफ दुसऱ्या. डेडवूडची स्पर्धा कुठे घालायची यावर मुलं तावातावाने भांडतात आणि त्या दिवशी इतिहासाचा तास पुढच्या तासात घुसतो.

काटेरी तार आणि आगगाडी

हे सगळं जेमतेम वीस वर्षं चाललं. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन याने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि बघता बघता मोकळं रान कुंपणांनी कापलं गेलं. रेल्वे टेक्सासपर्यंत आली, मग गुरं चालवायची गरज उरली नाही. १८८६-८७ चा हिवाळा इतका कडक गेला की उत्तरेच्या कुरणांवर लाखो गुरं गोठून मेली आणि मोठमोठे पशुपालक बुडाले. कुंपणाला गुराखी लागत नाही, दुरुस्तीला दोन गडी लागतात.

नॅटने १८८९ मध्ये डेन्व्हरला ॲलिसशी लग्न केलं आणि १८९० मध्ये रेल्वेत पुलमन पोर्टरची नोकरी धरली. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत प्रवाशांचं सामान उचलायचं, बिछाने घालायचे, बूट पुसायचे असं हे काम. कंपनी या कामावर मुद्दाम कृष्णवर्णीय माणसं घ्यायची. पगार तुटपुंजा, घर चालायचं ते प्रवाशांनी हातावर ठेवलेल्या बक्षिसीवर. बरेच प्रवासी सगळ्याच पोर्टरना जॉर्ज म्हणून हाक मारत, कारण कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. पूर्वी गुलामाला मालकाचं नाव लागायचं, तेच वळण पुन्हा.

पहिल्यांदा नॅटला हे जमलंच नाही. बक्षिसी मिळेना, म्हणून त्याने नोकरी सोडली, काही दिवस फळं वगैरे विकली आणि परत आला. या वेळी प्रवाशांना काय हवं ते बघायला शिकला आणि पुढे कित्येक वर्षं टिकला. पुस्तकात तो या नोकरीबद्दल कुरकुर करत नाही. उलट डोंगरदऱ्यांतून जाणाऱ्या गाडीचं, देश बघायला मिळाल्याचं कौतुक करतो. मला ती पानं तोफेच्या गोष्टीपेक्षा अवघड वाटतात. ज्या पश्चिमेत तो घोड्यावर बसून गुरं हाकत होता, तिथूनच आता आगगाडीत, गणवेश घालून, दुसऱ्याची बॅग हातात धरून तो जात होता. त्याला काय वाटत असेल ते तो सांगत नाही.

१९०७ मध्ये लॉस एंजेलिसहून त्याचं आत्मचरित्र छापून निघालं. त्यात त्याचा एक फोटो आहे, इंटरनेटवर सहज मिळेल, वर्गात जरूर दाखवा. मोठी टोपी, गळ्यात रुमाल, हातात बंदूक, पायाशी खोगीर. आपल्या स्नेहसंमेलनातला काऊबॉय अगदी असाच असतो, फक्त हा काळा आहे. दुसऱ्या एका फोटोत तो पोर्टरच्या गणवेशात आहे. दोन्ही फोटो त्यानेच पुस्तकात घातले.

शेवटची वर्षं नॅट लॉस एंजेलिसमध्ये एका कंपनीत कुरिअर आणि पहारेकरी म्हणून काम करत होता. १९२१ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या आसपास, तिथेच तो वारला.